पहाटे चारची पिवळी उलटी: कुत्र्याचं पोट रात्रीच का बिघडतं?

(आपल्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जितके "म्हणजे" आणि "ऐका ना" आले, त्यातले निम्मे इथून काढलेत. बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय उलटी आणि जुलाब आहे, त्यामुळे डबा खाताखाता ऐकत असाल तर पॉज करा, जेवून या. मी थांबते.

आलात? चला.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना तो आवाज माहीत असतो. गाढ झोपेत असताना ऐकू येणारा, पोटातून येणारा "हुक्, हुक्, हुक्". अलार्मने न उठणारा माणूस या आवाजाने सेकंदात उठतो आणि कुत्र्याला गालिच्यावरून फरशीवर ढकलायला धावतो. एकदा झालं तर फार काही नाही, कुत्री काहीबाही खातात आणि ओकतात. पण हेच आठवड्यातून दोनदा, महिनाभर, रात्रीच होत असेल तर? तेव्हा दोन प्रकारची माणसं दिसतात. एक म्हणतात, "गवत खाल्लं असेल, होईल बरं." दुसरी रात्री तीनला फोनवर शोधत बसतात आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या कुत्र्याला कॅन्सर झालेला असतो.

मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधते. काही बग ठरावीक वेळेलाच येतात, आणि अशा वेळी आमच्याकडे पहिला प्रश्न असतो: त्या वेळेला असं वेगळं काय होतं? कुत्र्याच्या पोटालाही हाच प्रश्न विचारायचा. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी चालेल: वारंवार होणाऱ्या त्रासात औषधाच्या आधी नोंद लागते. वेळ, रंग आणि शेवटचं खाणं, या तीन गोष्टींवरून डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं.

रात्रीच का?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं अगदी साधं आहे, पण सुटतं. दिवसा जे होतं ते आपल्याला दिसतच नाही. फिरायला नेल्यावर कुत्रा झाडामागे पातळ शी करतो, आपण फोनमध्ये असतो. रात्री तीच गोष्ट हॉलमध्ये होते, म्हणून ती "रात्रीची" वाटते. त्यामुळे आधी चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळची शी डोळे उघडे ठेवून बघा. त्रास खरंच फक्त रात्रीचा आहे का, हे आधी नक्की करा.

दुसरं उत्तर म्हणजे उपवास. बहुतेक घरांत कुत्र्याचं शेवटचं जेवण संध्याकाळी सात-आठला होतं आणि पुढचं सकाळी फिरून आल्यावर, साडेआठ-नऊला. म्हणजे साडेबारा ते चौदा तास पोटात नवीन काही जात नाही. दिवसातला सगळ्यात मोठा उपवास रात्रीचाच असतो.

आता रिकाम्या पोटात काय चालतं बघा. जेवण पुढे सरकून गेल्यावर जठर आणि आतडी झोपत नाहीत. साधारण दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठराकडून खाली आतड्यात जाते आणि उरलंसुरलं अन्न, हाडाचे तुकडे, जंतू असं सगळं पुढे ढकलते. रात्री झाडलोट करणाऱ्या मावशींसारखी. शास्त्रज्ञांनी ही लाट १९६९ साली कुत्र्याच्याच लहान आतड्यात नोंदवली, माणसाच्या पोटातला तिचा अभ्यास नंतर झाला. कुत्रा झोपलेला असताना त्याच्या पोटातून जी गुरगुर ऐकू येते ना, ती बऱ्याचदा हीच झाडलोट असते.

काही कुत्र्यांमध्ये ही झाडलोट नीट होत नाही. लहान आतड्यात पित्त उतरतं, आणि ते खाली जायच्या ऐवजी थोडं उलटं, जठरात येतं. जठर भरलेलं असेल तर अन्नात मिसळून जातं. रिकामं असेल तर ते पित्त आणि आम्ल थेट आतल्या अस्तराला झोंबतं. मग पहाटे उठून कुत्रा ओठ चाटतो, लाळ गिळतो, दिसेल ते गवत किंवा पायपुसणं चघळतो आणि पिवळा फेस ओकतो. पाच मिनिटांनी शेपूट हलवत "नाश्ता कुठाय" म्हणून उभा!

डॉक्टर याला पित्ताच्या उलट्यांचा सिंड्रोम म्हणतात. यात दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, वर सांगितलेली कारणमीमांसा हा डॉक्टरांचा आजचा सगळ्यात पटणारा अंदाज आहे. दोन, हे निदान बाकीचं सगळं वगळल्यावर उरतं. "पिवळं आलं म्हणजे पित्तच" असं स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही, कारण मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांचे आजार, जंत आणि आपल्याकडचा गोचीडताप, या सगळ्यांत रिकाम्या पोटी पिवळी उलटी होऊ शकते.

नोंद कशी ठेवायची

आमच्याकडे खारी आहे. सात वर्षांची, १६ किलोची, रस्त्यावरून आलेली देशी कुत्री. रंग अगदी इराण्याकडच्या खारीसारखा, म्हणून खारी. गेल्या पावसाळ्यात तिला पहाटेच्या उलट्या सुरू झाल्या. फ्रिजवर मॅग्नेटने एक कागद लावला, कारण घरात आई-बाबाही तिला खायला घालतात, आणि माझ्या फोनमधलं अॅप ते उघडणार नव्हते. कागदावर सहा रकाने केले:

१. किती वाजता झालं.
२. काय आलं: पिवळा फेस, पांढरा फेस, न पचलेलं अन्न, की गवत.
३. शेवटचं खाणं कधी आणि काय, हातावरचे तुकडेसुद्धा.
४. त्या दिवशीची शी: घट्ट, मऊ, पाण्यासारखी, आंव, रक्त.
५. उलटीनंतर वागणं: खेळते, झोपते, की कोपऱ्यात जाऊन बसते.
६. काही वेगळं: पाहुणे, फटाके, नवीन खाऊ, जंताचं औषध, गोचीड.

एकवीस दिवसांत सहा उलट्या झाल्या. सहाही पहाटे चार ते साडेपाचच्या मधल्या. सहाही पिवळा फेस, अन्नाचा कण नाही. शी नॉर्मल, वजन तेवढंच, उलटीनंतर दहा मिनिटांत खेळायला तयार. आणि तिसऱ्या रकान्यात एक मजा दिसली. माझी ऑन-कॉलची पाळी होती त्या आठवड्यात मी रात्री बारापर्यंत जागी असायचे आणि झोपताना तिला भाकरीचा तुकडा मिळायचा. त्या पूर्ण आठवड्यात एकही उलटी नाही.

हा पुरावा नाही, इशारा आहे. नुसत्या इशाऱ्यावर औषध सुरू करायचं नसतं. तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट चाचपलं, शी तपासायला पाठवली आणि रक्त तपासलं. सगळं ठीक आल्यावर ते म्हणाले, आता एकच गोष्ट बदला. रात्री झोपण्याआधी थोडं खाणं.

एकच गोष्ट, हे महत्त्वाचं. त्याच आठवड्यात ब्रँड बदलला, दही सुरू केलं, गोळी दिली आणि फिरायची वेळही बदलली, तर बरं कशाने वाटलं हे कधीच कळणार नाही. खारीचं रोजचं एकूण खाणं तेवढंच ठेवलं, फक्त त्यातला साधारण सहावा हिस्सा काढून रात्री पावणेअकराला दिला. वरून जादा दिलं असतं तर पोट सुधारलं असतं आणि वजन वाढलं असतं. पुढच्या एकवीस दिवसांत एक उलटी झाली, तीही आम्ही लग्नाहून उशिरा परतलो त्या रात्री, जेव्हा पावणेअकराचं खाणं हुकलं होतं.

तुमच्या कुत्र्याला याने फरक पडेलच असं नाही. साधारण दोन आठवडे करून बघा. फरक नसेल तर परत डॉक्टरांकडे. काही कुत्र्यांना आम्ल कमी करणारं किंवा जठराची हालचाल सुधारणारं औषध लागतं, पण कोणतं आणि किती ते डॉक्टरच ठरवतील.

इथे घरोघरी मिळणारा एक सल्ला नीट बघूया: "पोट बिघडलंय ना, एक दिवस उपाशी ठेव." पित्ताच्या उलट्यांमध्ये याने त्रास वाढू शकतो, कारण मुळात प्रश्नच रिकाम्या पोटाचा आहे. आणि लहान पिल्लाला तर डॉक्टरांना न विचारता उपाशी ठेवूच नका, त्याची साखर झपाट्याने उतरते.

आधी ओळखा: ही उलटी आहे का?

उलटी होताना पोट आत-बाहेर होतं, कुत्रा जोर लावतो, आधी मळमळ दिसते. पण काही वेळा कुत्रा नुसती मान खाली करतो आणि न पचलेलं अन्न घरंगळून बाहेर येतं, जोर नाही, उमासा नाही. ही उलटी नव्हे. इथे गडबड जठरात नसून अन्ननलिकेत असू शकते, आणि तिचा तपास पूर्ण वेगळा असतो. शब्दांत सांगायला जाल तर गोंधळ होईल. सरळ व्हिडिओ काढा. दहा सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

रात्री तीनदा दार वाजवणारं कुत्रं

आता दुसरा नमुना, जुलाबाचा. इथेही नोंद बोलते.

शी मोठ्या प्रमाणात, पातळ, पण दिवसातून दोन-तीनदाच, आणि वजन उतरतंय: त्रास बहुधा लहान आतड्यात. थोडी-थोडी शी, पण घाईची, पुन्हा पुन्हा, कुंथून, आंव पडते, कधी शेवटी ताज्या लाल रक्ताचे थेंब: मोठं आतडं. रात्री एकला, अडीचला आणि चारला दाराला पंजा मारणारं कुत्रं बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातलं असतं. त्याला धरून ठेवताच येत नाही. तो हट्ट करत नाहीये, त्याला रागावू नका.

माझ्या एका मित्राच्या लॅब्रेडॉरचं असंच चाललं होतं. एकदा शी तपासली, काही सापडलं नाही. त्रास सुरूच. डॉक्टरांनी मग वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने मागवले, त्यातल्या एकात जिआर्डिया सापडला. जिआर्डिया हा अगदी सूक्ष्म परजीवी आहे, साचलेल्या पाण्यातून, दुसऱ्या कुत्र्यांच्या शीतून येतो, आणि शीमधून रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही. म्हणून एक रिपोर्ट "नॉर्मल" आला म्हणजे तो नाहीच, असं होत नाही. चाबूककृमीचंही असंच आहे, त्याची अंडी अधूनमधूनच दिसतात. मित्राला औषधासोबत बिछाना गरम पाण्याने धुवायला, शी लगेच उचलायला आणि कुत्र्याचा मागचा भाग आंघोळ घालून स्वच्छ ठेवायला सांगितलं होतं. नाहीतर कुत्रा स्वतःलाच चाटून पुन्हा आजारी पडतो. आणि हो, तुमचे हातही साबणाने धुवा. कुत्र्याचे काही जंत माणसांनाही त्रास देतात.

जंत नाहीत, तपासण्या ठीक, तरी पोट बिघडतंच? मग डॉक्टर आहाराची चाचणी सुचवू शकतात: काही आठवडे प्रथिनाचा एकच, ठरवून दिलेला स्रोत, बाकी काहीही नाही. पोटाच्या तक्रारी अन्नामुळे असतील तर फरक बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतो. अडचण विज्ञानाची नसते, घरच्यांची असते. बाबांच्या चहातलं एक ग्लुकोजचं बिस्किट आणि चाचणी पुन्हा पहिल्या दिवसापासून!

प्रत्यक्ष त्या रात्री काय करायचं

पुसायच्या आधी बघा. फोटो काढा. हो, घाण वाटतं, काढा.

मग हिरड्या बघा. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. आपल्या देशी कुत्र्यांच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीच्या आतला रंग बघा. कुत्रा ठणठणीत असताना हे एकदा करून ठेवा, म्हणजे नेहमीचा रंग कोणता हे कळेल.

पाणी द्या, पण थोडं-थोडं. भांडंभर पाणी एकदम ढोसलं की पुन्हा उलटी होते. थोड्या वेळाने पाणी टिकलं की साधं खाणं थोडंसं: गुरगुट्या भात आणि कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला-तेल काही नाही. चिकन खात नसाल तर डॉक्टरांना पर्याय विचारून ठेवा. हा दोन-तीन दिवसांचा आहार आहे, कायमचा नाही, त्यात सगळी पोषणं मिळत नाहीत. दहीभात काही कुत्र्यांना चालतो. पण मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचतेच असं नाही, म्हणून पोट बिघडलेलं असताना दूध नको आणि दह्याचा नवा प्रयोगही नको.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड तर काही जातींच्या, खासकरून कोली वंशाच्या, कुत्र्यांच्या मेंदूपर्यंत पोचून विषबाधा करतं. आणि मागच्या वेळची उरलेली मेट्रोनिडाझोलची स्ट्रिप? तीही नको. साधे जुलाब बऱ्याचदा तिच्याशिवाय थांबतात, आणि तिच्यामुळे आतड्यातले उपयोगी जंतूही मरतात.

सकाळची वाट न बघण्याच्या गोष्टी

आतापर्यंतचं सगळं शांतपणे करायचं होतं. हे नाही. पुढचं काहीही दिसलं तर नोंद, कागद, प्रयोग सगळं बाजूला ठेवून निघायचं.

पोट फुगलंय, कडक आहे, कुत्रा अस्वस्थ येरझाऱ्या घालतोय आणि नुसते कोरडे उमासे येतायत, बाहेर काही पडत नाही. जठर फुगून पीळ बसल्याची ही लक्षणं असू शकतात. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या जातींत याचा धोका जास्त, पण इतरांनाही होतं. इथे वेळ तासांत मोजायची असते आणि बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते. "सकाळी बघू" म्हणून कुत्री जातात.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही. डांबरासारखी काळी शी. शीमध्ये भरपूर रक्त. पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्यात. हाक मारली तरी उठत नाही. पिल्लू आहे, लस पूर्ण झालेली नाही आणि उलट्या-जुलाब सुरू झालेत, म्हणजे पार्व्होची शंका.

आणि काहीतरी गिळल्याची शक्यता. आपल्याकडच्या दोन खास गोष्टी सांगते: आंब्याची कोय आणि पावसाळ्यातल्या भुट्ट्याचं दाणे खाऊन उरलेलं बुरकुंड. दोन्ही आतड्यात अडकतात. मोजे आणि बाळाची खेळणी आहेतच. विषारी गोष्टी म्हणाल तर उंदराचं औषध, चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, आणि शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा यात आले. आजीला प्रेमाने समजवा.

शेवटचं काम मात्र आज दिवसाउजेडीच करून टाका. तुमच्या भागात रात्री खरंच उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता, हे फोन करून विचारा. पाटीवर "२४ तास" लिहिलेलं असतं, पण रात्री दोनला डॉक्टर हजर असतात की फक्त मदतनीस, हे विचारल्यावरच कळतं. आणि कुत्र्याला घेऊन कोण जाईल? ओळखीच्या रिक्षावाल्या काकांना आत्ताच विचारून ठेवा. तीस किलोचं कुत्रं कडेवर घेऊन रात्री दोनला हात दाखवत उभं राहणं अवघड आहे. दोन्ही नंबर फ्रिजवरच्या त्या कागदावर वर, मोठ्या अक्षरात.

कुत्रा बोलत नाही, पण वेळापत्रक पाळतो. त्याचं पोट तर त्याहून जास्त. म्हणून फोनमधलं शोधणं रात्री तीनला थांबवा, आणि घड्याळ बघून फक्त एक ओळ लिहा: किती वाजले, काय आलं, शेवटचं काय खाल्लं होतं. अशा पाच-सहा ओळी जमल्या की त्या घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुमच्या कागदावर काय नमुना निघाला ते व्हॉइस नोट पाठवून सांगा, पुढच्या भागात ऐकवू. उलट्यांचे फोटो मात्र मला नाही, तुमच्या डॉक्टरांना पाठवा. भेटू!